मेंदूचा आजार असलेल्या माणसाला आतून काय जाणवतं?

ओंजळ

आईला पार्किन्सन्स आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली, औषधं वेळेवर चालू आहेत. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो, हे आता घरातल्या लहान मुलांनाही पाठ झालंय. तरी रोज कुणाचा ना कुणाचा आवाज चढतोच, आणि कारण दर वेळी एकच असतं.

सकाळी अकराच्या सुमाराला आईला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. बारा वाजता तीच आई गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालते. परवा मामा आले होते, त्यांनी दोन्ही पाहिलं आणि म्हणाले, "मनात असलं की सगळं जमतं हिला." आई काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर हल्ली फारसं काही उमटत नाही, त्यामुळे तिला लागलं की नाही हेही कुणाला कळलं नाही. मला मात्र फार लागलं.

मला औषधांची चर्चा नकोय. जे स्वतः मेंदूचा किंवा नसांचा एखादा आजार घेऊन जगताहेत, त्यांनी कृपया सांगा, आतून नक्की काय होतं? बाहेरून आम्हाला काय दिसत नाही? आजार कुठलाही चालेल. घरच्यांनीही लिहा.

वाचनमात्र

चांगला धागा. वाचतोय.

डॉ_अबोली

ओंजळ, अकरा आणि बारा यांत बहुधा गोळीचा फरक आहे. लेव्होडोपाच्या गोळीपासून मेंदूत डोपामिन तयार होतं. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी ते साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे दिवस सलग जातो. पुढे साठवणारे कमी होतात आणि गोळीचा असर तासांवर येतो. असर उतरला की 'ऑफ', चढला की 'ऑन'. दोन्हीच्या मध्ये कधी कधी काही मिनिटांचंच अंतर असतं. मामांनी एकाच बाईच्या दोन वेगवेगळ्या रासायनिक अवस्था पाहिल्या. त्यात मनाचा संबंध नाही.

चेहऱ्याचंही तेच. हसायला आणि भुवया उंचवायला लागणारे स्नायूही मंदावतात. आतली माया आणि राग जागच्या जागी असतात. आवाजही बारीक होतो, आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याला आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय असं वाटतं. "मोठ्याने बोल" म्हटलं की त्यांना आपण ओरडतोय असं वाटतं.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो सहा माणसांच्या निरीक्षणावरून. त्यातली काही तर त्यांनी रस्त्यात येता-जाता पाहिलेली होती. बाहेरून पाहून केवढं टिपलं त्यांनी! पण ओंजळ विचारतेय ते तसं पाहून कळणारं नाही, ते माणसालाच विचारावं लागतं.

केदार_

मी लिहितो. मला अपस्मार आहे, लहानपणापासून.

लोकांना झटका म्हटलं की जमिनीवर पडून हातपाय झाडणारा माणूसच आठवतो. माझे बरेचसे झटके तसले नसतात. मी बसलेलाच असतो, नजर एका जागी लागते, ओठ चावल्यासारखे हलतात आणि बोटं शर्टाचं बटण चाचपत राहतात. एखाद-दोन मिनिटं. समोरच्याला वाटतं, मी त्याच्याकडे दुर्लक्ष करतोय. मला काय वाटतं? काहीच नाही, मी तिथे नसतोच. समोरचा माणूस एक वाक्य बोलत होता, आणि आता तो दुसरंच काही बोलतोय आणि चिडलेला आहे. मधलं गायब.

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं जास्त वाईट. आवाज ऐकू येतात, हे आपल्यालाच विचारताहेत हेही कळतं, पण उत्तर जुळवता येत नाही. नेमकं तेव्हाच चार जण एकदम विचारतात, "नाव सांग! माझं नाव काय? हे किती?" एकाने शांतपणे शेजारी बसावं, "मी इथे आहे, झटका येऊन गेला" एवढं म्हणावं. पुरतं.

आणि झटके सोडून उरलेला वेळ? तो मोजणीत कुणीच धरत नाही. आंघोळीला जाताना कडी लावायची नाही. जिन्यात कठड्याच्या बाजूने चालायचं. लहान बाळ कुणी हातात द्यायला लागलं की आधी खाली बसायचं. आजार वर्षातून काही मिनिटं दिसतो, पण सावधपणा रोजचा असतो.

रानवारा

केदार, 'मधलं गायब' वाचून थांबलो. माझा वर्गमित्र असाच मध्येच हरवायचा आणि शिक्षक त्याला बाकावर उभं करायचे. त्याला काय होत होतं ते आज उमगलं.

मोठा झटका आला तर काय करायचं, तेही लिहा ना कुणी तरी.

डॉ_अबोली

माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही तरी द्या, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरा आला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पहिलाच झटका असेल, इजा झाली असेल, पाण्यात आला असेल किंवा बाई गरोदर असेल तरीही.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि औषधं मिळाली तर त्यातले १० पैकी ७ जण झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या तिघांना "औषधं नीट घेत नसशील" असं ऐकावं लागतं. तो आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

केदार_

मी त्या तिघांतला. धन्यवाद, डॉक्टर.

रोखठोक

इथे सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून वेगळं मांडतो. समजून घेणं ठीक, पण त्याचाही अतिरेक होतो. आमच्या शेजारच्या काकांना पार्किन्सन्स होता. घरच्यांनी प्रेमापोटी सगळं हातात द्यायला सुरुवात केली. पाणी हातात, चप्पल पायात, घास तोंडात. वर्षभरात काका खाटेला खिळले. "जमत नाही" म्हटलं की लगेच मान्य केलं तर माणूस संपतो. मामांचं बोलणं टोचणारं असेल, पण थोडा रेटा लागतोच.

निळीशाई

रोखठोक, रेटा कुणी कुणाला द्यायचा ते कोण ठरवणार? जो बाहेर उभा आहे तो?

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच्या मायलिनवर उठते. तारेवरचं वेष्टण सोलवटलं की प्रवाह नीट जात नाही, तसं. सुरुवात डोळ्यापासून झाली. डोळा हलवला की आत दुखायचं. एक दिवस लाल ओढणीची घडी घालताना सहज एक डोळा मिटला, तर ओढणी विटकरी दिसली. दुसरा मिटला, लालभडक. पुन्हा पहिला, विटकरी. कितीतरी वेळ मी तेच करत बसले होते.

आता थकव्याबद्दल. कृपा करून "आम्हीही थकतो गं" म्हणू नका. तुमचा थकवा काम केल्यावर येतो आणि झोपल्यावर जातो. माझा सकाळी डोळे उघडताना हजर असतो. हात वर धरून केस विंचरायचे तर मध्ये दोनदा खाली घ्यावा लागतो. अंग तापलं की सगळं वाढतं: ताप, ऊन, गरम पाण्याची आंघोळ, जोराचा व्यायाम. नजर धूसर होते, पाय जड होतात. अंग निवलं की परत ठीक. ऊथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. एके काळी तर निदानासाठी रुग्णाला मुद्दाम गरम पाण्याच्या टबात बसवत!

सांगायचा मुद्दा, मी सकाळी हसत ऑफिसला आलेली सगळ्यांना दिसते. दुपारी वाकून भिंत धरून चाललेली दिसले की "सकाळी तर बरी होतीस" ऐकायला मिळतं. माझ्या चांगल्या तासाचा माझ्याविरुद्ध पुरावा होतो. ओंजळच्या आईचंही तेच चाललंय.

शेवंती

"माझ्या चांगल्या तासाचा माझ्याविरुद्ध पुरावा होतो." निळीशाई, अगदी. +१११

पाऊलखुण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोखठोक आणि निळीशाई, दोघांचंही मला पटतं, पण वेगवेगळ्या वेळेला. पार्किन्सन्समध्ये व्यायाम फार महत्त्वाचा. सगळं हातात दिल्याने ताकद जाते हे खरं. पण व्यायाम 'ऑन'मध्ये करायचा, 'ऑफ'मध्ये ओढाताण करायची नाही. वेळ निवडली की रेट्याची गरजच कमी पडते.

चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, त्याबद्दल सांगते. दारात, अरुंद जागी, वळताना, किंवा पाठीमागून कुणी "चला चला" म्हटलं की हे हमखास होतं. तेव्हा हात धरून पुढे ओढलं तर धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. ओढू नका. थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, "एक, दोन" म्हणा आणि मोठं पाऊल टाकू द्या. जमिनीवर आडव्या रेघा असतील तर बऱ्याच जणांना त्या ओलांडत सहज चालता येतं. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट अडलेली असते, नजरेने पाहून पाऊल टाकायची वाट बऱ्यापैकी मोकळी असते.

आजोबांचीलाडकी

रेघांचं शंभर टक्के खरं! माझ्या मुलाने पणजोबांसाठी बेडरूमपासून संडासापर्यंत रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. आता तो दारात उभा राहून प्रत्येक फेरीला एक गोळी-चॉकलेट टोल घेतो. आजोबा टोल चुकवायला तो शाळेत गेल्यावर फेऱ्या मारतात, त्यामुळे चालणं दुप्पट झालंय.

वाचनमात्र

टोलनाक्याला सलाम!

मृद्गंध

माझ्या नवऱ्याला डाव्या मेंदूत पक्षाघात झाला, तेव्हापासून वाचाघात आहे. बोलता येत नाही म्हणून लोकांना वाटतं की समजतही नाही. काही जण त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, कान उत्तम असताना. काही जण त्यांच्यासमोर मलाच विचारतात, "काय म्हणतात हे?" त्यांना सगळं कळतं. ते वैतागून माझ्याकडे बघतात आणि मी पाहुण्यांना म्हणते, त्यांनाच विचारा.

हवा असतो चष्मा, तोंडातून येतं "दार". आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळतं, मान हलवतात, पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा "दार". मग मी विचारते, घालायची वस्तू? हो. अंगात? नाही. डोळ्यांना? हो, हो! नातवाचं वय सांगायचं असलं की बोटं धरून एक, दोन, तीन असं मोजत येतात आणि पाचावर थांबतात. सुटा 'पाच' निघत नाही, पण ओळीत येतो. गाणी अख्खी म्हणतात, शब्दांसकट. आणि शिव्या! आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या अस्खलित येतात. पहिल्यांदा दिली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो की नर्स धावत आली.

फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांच्या १८६१च्या प्रसिद्ध रुग्णाला बहुतेक "टॅन" एवढंच म्हणता यायचं, आणि तेवढ्यावर तो हावभावांनी बरंच सांगायचा, असं मी वाचलं. त्याच्या शेजारी बसून ऐकणारं कुणी होतं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

अनुस्वार

मृद्गंधताई, तुम्ही दोघं हसलात ते वाचून फार बरं वाटलं.

थोडं अवांतर: मला ऑरासह मायग्रेन आहे. डोकं दुखायच्या आधी, वाचत असलेल्या ओळीतली मधली अक्षरं नाहीशी होतात. 'सकाळ'मधला 'का' नाही. मग तिथे चमचमती नागमोडी कड उठते आणि हळूहळू कडेकडे सरकत मोठी होते. वीस-पंचवीस मिनिटांत विरते. मग दुखणं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, आपण आंधळे होतोय. लोक म्हणतात, "डोकंच दुखतंय ना?" तेव्हा उत्तर द्यायचीही ताकद नसते, कारण बोलण्याचा आवाजही सहन होत नाही.

धूसर

अनुस्वार, अवांतर कसलं? हाच विषय आहे.

माझं प्रकरण सगळ्यांत अवघड. माझा उजवा पाय मधूनमधून काम करेनासा होतो. एमआरआय स्वच्छ, नसांच्या तपासण्या स्वच्छ. एका ठिकाणी डॉक्टरांनी फाइल मिटली आणि "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणाले. घरी येताना मी जिना बसून बसून चढलो.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मला झोपवलं आणि उजवी टाच खाली दाबायला सांगितलं. दाबता येईना. मग म्हणाले, आता फक्त डावा पाय वर उचला, डाव्याकडेच लक्ष द्या. त्यांनी आपला हात माझ्या उजव्या टाचेखाली ठेवला होता. मी डावा उचलला आणि उजवी टाच आपोआप जोरात दाबली गेली. त्यांनी मलाच हात लावून बघायला सांगितलं. म्हणाले, "पाय शाबूत आहे, त्याला मेंदूकडून जाणारी आज्ञा मध्ये अडतेय. तुम्ही मुद्दाम करत नाही आहात. याला फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात, आणि यावर फिजिओथेरपीने काम करता येतं." ही हूवरची चाचणी, १९०८ पासूनची. हीच चाचणी काही ठिकाणी रुग्णाला खोटं पाडायला वापरतात, माझ्या डॉक्टरांनी ती मला आधार द्यायला वापरली.

आतून कसं असतं म्हणाल तर, मी पायाकडे जितकं लक्ष देतो तितका तो अडतो. गप्पांच्या नादात चालतो. आणि पाहणारा म्हणतो, "बघ, आता कसा चाललास!"

रोखठोक

धूसर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं म्हणणं आळसाबद्दल होतं, तुमच्याबद्दल नव्हतं. पण बाहेरून फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न माझ्यापुरता खराच आहे.

डॉ_अबोली

बरेचदा ओळखता येत नाही, आम्हालाही नाही. पार्किन्सन्समध्ये कशाची सुरुवात करावीशी न वाटणं हेही आजाराचंच लक्षण असू शकतं. माणूस दुःखी नसतो, आळशीही नसतो, आतून निघणारा धक्काच क्षीण झालेला असतो. तिथे ठरलेल्या वेळी कुणी तरी "चल, मीही येतोय" म्हणणं कामी येतं. त्या अर्थाने तुमचा रेटा बरोबर आहे. फक्त त्यात आरोप नको.

सावली

मी थोडं कडू लिहिणार आहे. सगळे विचारताहेत, रुग्णाला आतून काय वाटतं. त्याच्याबरोबर चोवीस तास असणाऱ्याला काय वाटतं, हे कोण विचारणार?

माझ्या सासूबाईंना अल्झायमर्स आहे. संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी सोड" सुरू होतं. ज्या घरात चाळीस वर्षं राहिल्या त्याच घरात उभ्या राहून. समजावलं की चिडतात. आता मी विचारते, घरी कोण कोण आहे हो? मग त्या भावंडांबद्दल सांगतात, अंगणाबद्दल सांगतात आणि निवतात. पाच मिनिटांनी पुन्हा. आम्ही काय बोललो ते त्या विसरतात, पण मी रागावले तर राग कशाचा ते विसरूनही संध्याकाळभर उदास राहतात. हे मी डोळ्यांनी पाहते, म्हणून गिळते. पण मलाही कुणी तरी महिन्यातून एक दुपार सोडवा ना! नातेवाईक फोनवर सल्ले देतात. सल्ला नको, या आणि दुपारी चार तास बसा.

शेवंती

सावली, बरं झालं लिहिलंत. यात कडू काही नाही. मला खाजगी संदेश करा, आपण बोलू.

मृद्गंध

सावली, मला भेटायला येणाऱ्यांना मी आता थेट सांगते, फळं नको, गुरुवारी दोन ते पाच या. दोघी येतात. मागितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

चौकटराजा

पार्किन्सन्स मुळापासून बरा करणारं एक चूर्ण आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, पाठवू का?

व्यवस्थापक

नको. बरे करण्याचे दावे आणि औषधांचे डोस इथे लिहू नयेत. मनाने गोळ्या बंद केल्याने, विशेषतः अपस्मारात आणि पार्किन्सन्समध्ये, जिवावर बेतू शकतं.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला 'ऑन'मध्ये सगळा धागा वाचून दाखवला. चिकटपट्टीच्या टोलला ती आवाज काढून हसली. मग म्हणाली, माझंही लिही. तिचे शब्द तसेच देतेय, मध्ये थांबत थांबत सांगितलं तिने:

"पूर्वी उठावं असं मनात आलं की मी उठलेली असायचे. आता उठणं म्हणजे एकेक तुकडा वेगळा सांगायचा. पाय मागे घे. पुढे सरक. नाक गुडघ्यांच्या पुढे आण. हात दाब. एवढं सांगून होईपर्यंत पहिला तुकडा निसटतो. त्यात कुणी बोललं की सगळं पहिल्यापासून. मी गप्प दिसते तेव्हा मी कामात असते.

कपडे वाळत घालते ते मला आवडतं म्हणून नाही. तेव्हा हात माझा असतो. तो तास मी वाया घालवत नाही, कारण तो कधी संपेल ते मला सांगून संपत नाही.

चेहऱ्यावरून माझा राग ठरवू नका. विचारा. मामाचा मला राग आला होता."

हे शेवटचं वाक्य मी मामांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रविवारी येतो म्हणाले, अकराला.

आता मी वहीत तिचे तास लिहायला लागलेय: गोळी कधी, जेवण कधी, हात कधी मोकळा, कधी अडकला.

डॉ_अबोली

आईंना माझा नमस्कार सांगा. ती वही पुढच्या तपासणीला न्या. रुग्ण 'ऑन'मध्ये आमच्यासमोर येतो आणि आम्हाला सगळं ठीक दिसतं, वहीत उरलेला दिवस असतो. जेवणाची वेळ लिहिताय ते छानच. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेने शोषले जातात, त्यामुळे काहींना प्रथिनांच्या जेवणाबरोबर गोळी लागू पडत नाही. वेळा कशा बदलायच्या ते तिथले डॉक्टर ठरवतील.

केदार_

"मी गप्प दिसते तेव्हा मी कामात असते." काकू, हे मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

ओंजळ

एक राहिलं, पाऊलखुण. आई म्हणते, रात्री कुशीवर वळता येत नाही, आणि उठवायला नको म्हणून ती एकाच कुशीवर पडून राहते. याला काही करता येतं?

पाऊलखुण

हो. रात्रीच्या 'ऑफ'बद्दल डॉक्टरांना वेगळं सांगा, ते बरेचदा सांगायचं राहून जातं. पांघरूण हलकं घ्या, जड रजई अंगावर असली की वळणं अशक्य होतं. वळताना आधी दोन्ही गुडघे वाकवून पावलं गादीवर टेकवायची, मग गुडघे एका बाजूला सोडायचे, मान आणि हात त्याच बाजूला. दिवसा 'ऑन'मध्ये याचा सराव करून घ्या. गादीवर साटीनसारखं सरकतं कापड घाला, पण फक्त कमरेखाली. पावलांखाली साधी सुती चादरच हवी, टाचा रोवता आल्या पाहिजेत. आणि पलंगावरून उतरताना त्या कापडावरून घसरत नाहीत ना, ते पहिले काही दिवस जवळ उभं राहून बघा.